रात्री वस्तीवर कोणी आलं आणि आण्णांनी गोळी झाडली तर? (परवान्याची बंदूक आहे)

शिवारातला_पोरगा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

आमचं घर शिरूर तालुक्यात, गावापासून दीडदोन किलोमीटर आत शेतात. वस्ती म्हणजे आमचं एक आणि चुलत्याचं एक अशी दोनच घरं, बाकी चारी बाजूला ऊस. मी चाकणला नोकरीला, शनिवारी-रविवारी घरी. घरी आण्णा (वय 67), आई, दादा-वहिनी आणि त्यांची दोन पोरं. आण्णांकडे आजोबांपासून आलेली बारा बोरची दुनळी आहे, लायसन त्यांच्या नावावर, रिन्यू वगैरे सगळं वेळच्या वेळी. आजवर ती बंदूक खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर यायची, हळदकुंकू लावलं की परत कपाटात.

पण गेल्या दोन महिन्यांत शिवारातल्या तीन मोटारी गेल्या, केबल तर किती कापल्या मोजदाद नाही, आणि नंतर पलीकडच्या वस्तीवर चार जण घरात घुसले, म्हातारा-म्हातारीला मारलं, म्हातारीच्या कानातलं ओरबाडून नेलं. तेव्हापासून आण्णा ओट्यावर झोपतात आणि बंदूक भरून खाटेला टेकवून ठेवतात.

आता मूळ मुद्दा. मागच्या मंगळवारी रात्री सव्वादोनला कुत्रं भुंकायला लागलं, गोठ्यामागे बॅटरीचा उजेड हलत होता. आण्णांनी दोनदा आवाज दिला कोण आहे रे, काही उत्तर नाही, आण्णांनी बंदूक खांद्याला लावली. दादा तेवढ्यात बाहेर आला आणि त्याने त्या माणसाची चाल ओळखली. चुलत्याचा वाटेकरी होता तो. त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट होती, तो दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) निघाला होता आणि कानात इयरफोन घालून गाणी ऐकत चालला होता, त्याला हाकच ऐकू गेली नाही!!

घरात सगळे हसले यावर. मी फोनवर ऐकलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

तर मला विचारायचंय की खरंच चोर असता आणि आण्णांनी गोळी झाडली असती तर काय झालं असतं? आणि तो वाटेकरी मेला असता तर? दुसरं, दादा म्हणतो बंदूक नको, सरळ कंपाउंडच्या तारेत करंट सोडू, पोलिसांची भानगडच नाही. ते चालतं का? कृपया माहीत असेल त्यांनीच सांगा.

ढाण्या_वाघ

भाऊ एवढा विचार करायचाच कशाला. रात्री दोन वाजता परक्याच्या गोठ्यामागे फिरणारा माणूस काय सत्यनारायणाला आलेला असतो का? आपलं घर आपली जमीन, आत आला की ठोकायचा, मग बघू कोर्ट-कचेरी. पोलीस येईपर्यंत इथे आपला पंचनामा होतो. आण्णांना माझा सलाम.

काळा_कोट_तालुका

मी सेशनला फौजदारी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरच्या वाघांनी पण वाचावं.

आधी चांगली बातमी. आपला कायदा लोक समजतात तेवढा नेभळट नाहीये. जुन्या आयपीसीत कलम 96 ते 106 होती, 1 जुलै 2024 पासून तीच बीएनएसमध्ये (भारतीय न्याय संहिता, आयपीसीच्या जागी आलेला कायदा) 34 ते 44 झाली, मजकूर जवळपास तोच, म्हणजे 1860 पासून चालत आलेला. स्वतःच्या आणि दुसऱ्या कोणाच्याही शरीराचं, शिवाय मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क तुम्हाला आहे, आणि काही प्रसंगी समोरचा मेला तरी तो गुन्हा नाही. 2010 चा दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, त्यात कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की हल्ला झाला तर सरळमार्गी माणसाने भेकडासारखं पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. आणि त्या गोंधळात दिलेला प्रत्येक फटका सोनाराच्या काट्यावर तोलत बसायचा नाही, हेही कोर्टं वर्षानुवर्षं सांगत आलीत.

आता "पण". कोणत्या वेळी जीव घेण्यापर्यंत जाता येतं? शरीराच्या बाबतीत कलम 38: मरणाची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला वगैरे. मालमत्तेच्या बाबतीत कलम 41: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या मधली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि अशी चोरी किंवा घरात घुसणं की ज्यात रोखलं नाही तर मरण किंवा गंभीर इजा होईल असं खरंच वाटावं. बास. साधी चोरी यात नाही!! हे नीट समजून घ्या कारण शेतातल्या बहुतेक चोऱ्या साध्याच असतात. विहिरीवरची केबल कापणारा माणूस चोर आहे, त्याला पकडा, ढकला, काठीने हाणा, पण तो केबल गुंडाळत असताना लांबून त्याच्या छातीत छर्रे घातले तर कायदा तुमच्या बाजूने नाही. तोच माणूस रात्री दीडला कडी तोडून घरात शिरला, हातात कटावणी, आत बायकापोरं, तर चित्र पूर्ण पालटतं.

आणि कलम 41 वापरलं तरी कलम 37 सुटत नाही. 37 म्हणतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. वस्तीवर, जिथे 112 ची गाडी यायला अर्धा तास जातो, तिथे "वेळ होता" असं सरकारी वकिलाला सिद्ध करणं अवघड जातं, ते सोडा. खरी केस अडकते ती गरजेपेक्षा जास्त इथे. ज्युनियर असताना मी एक फाईल उचललेली आहे, परवान्याचीच बंदूक, चोर खरेच, घरात घुसलेले हेही खरं, पण मेलेल्याला गोळी लागली पाठीत आणि तो होता भिंतीवर चढलेला, म्हणजे पळतोय. म्हाताऱ्याचं म्हणणं की साहेब मला काय माहीत तो पळतोय की वर चढून दगड टाकतोय. मला आजही वाटतं तो खरं बोलत होता. पण पोस्टमॉर्टेमच्या कागदावर पाठ म्हणजे पाठ. धोका संपला की हक्क संपला. अशा वेळी सद्भावनेने, पूर्वनियोजन नसताना हद्द ओलांडली असं कोर्टाने मानलं तर खून (103) न राहता सदोष मनुष्यवध (105) होतो, पण म्हणजे सुटका नाही, वर्षं जातात.

वाटेकऱ्याचं विचारलंस. कायद्यात "चुकीच्या समजुतीने" केलेल्या कृत्याला संरक्षण आहे, पण अट अशी की समज सद्भावनेने झालेली हवी, आणि कायद्याच्या भाषेत सद्भावना म्हणजे चांगलं मन नव्हे तर पुरेशी काळजी घेऊन केलेलं. मग कोर्ट विचारणार, त्या आठवड्यात रात्रीची लाईट आहे हे तुम्हाला माहीत होतं ना? सगळा शिवार रात्री पाणी द्यायला बाहेर असतो हे माहीत होतं ना? तो घरात घुसत होता का? हातात काय होतं, बॅटरी. बघ तूच.

तारेतला करंट: अजिबात नाही. अजिबात म्हणजे अजिबात. 1963 मध्ये सुप्रीम कोर्टाने बिहारची एक केस निकाली काढलीय. एकाच्या संडासात शेजारचे लोक जायचे, कारण शेजाऱ्यांच्या संडासाची भिंत पडली होती. तोंडी सांगून ऐकेनात म्हणून याने वाटेत उघडी तार लावून करंट सोडला, आणि एक बाई मेली. तो म्हणाला माझी जागा, ती घुसखोर. कोर्ट म्हणालं, घुसखोर झाली म्हणून ती कायद्याबाहेरची होत नाही, आणि इथे स्वसंरक्षणाचा हक्क लागूच होत नाही. शिक्षा कायम. साधी गोष्ट आहे, तारेला माणूस ओळखू येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच तारेला तुमचाच पुतण्या चिकटेल. डुकरांसाठी झटका मशीन लावतात ते वेगळं, त्यात क्षणभराचा झटका बसतो, माणूस मरत नाही. मेनचा डायरेक्ट करंट म्हणजे सरळ गुन्हा.

जाता जाता, बंदूक आण्णांच्या नावावर आहे, दादाच्या नाही. दादाने उचलली तर हत्यार कायद्याची वेगळी भानगड मागे लागू शकते. आणि भरलेली बंदूक ओट्यावर, घरात दोन लहान पोरं?? लायसन घेताना हत्यार सुरक्षित ठेवीन असं आण्णांनी लिहून दिलेलं आहे.

वस्तीवरची

वकीलसाहेबांचं सगळं पटलं पण एक सांगू का, हे सगळं दिवसा वाचायला बरं वाटतं. आमचे हे रात्रपाळीला असतात, मी आणि सासूबाई आणि मुलगी. गेल्या वर्षी रात्री कोणीतरी दाराची कडी बाहेरून लावली होती आमच्या, म्हणजे आधी कडी लावतात आणि मग गोठ्यातल्या शेळ्या सोडून नेतात, तसंच झालं, चार शेळ्या गेल्या. मी आत कोयता घेऊन दाराशी उभी होते. कलम 38 की 41 मला काही माहीत नव्हतं. दार उघडून कोणी आत आला असता तर मी कोयता घातलाच असता आणि मला त्याचं वाईट वाटलं नसतं हे मी आजही सांगते. पण दार फोडून शेळ्यांमागे मी गेले नाही. सासूबाई म्हणाल्या शेळ्या परत घेता येतील गं. त्यांना काय बीएनएस माहीत आहे का, चौथी शिकल्यात.

तेव्हापासून दाराला आतून आडणा आहे लाकडाचा, जुन्या घरांना असायचा तसा. आणि मागे-पुढे दोन सोलर लाईट, कोणी जवळ आलं की आपोआप लागतात. यांच्यामुळे फरक पडला, खरंच. समोरच्याचं तोंड दिसलं की निम्मी भीती जाते. आपली पण आणि त्याची वाढते.

ठासणीवाला_सिंधुदुर्ग

आमच्याकडे कोकणात ठासणीची बंदूक घरोघरी, शेती संरक्षणाचं लायसन, माकडं आणि डुकरांसाठी. प्रत्येक निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करा, परत आणा, तोवर डुकरं भात खाऊन जातात 😀 पण मुद्दा वेगळा. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आमच्याकडे नव्या नाहीत. बरेचदा बरोबर गेलेलाच माणूस असतो, सख्खा शेजारी, चुलतभाऊ. झाडणारा अनुभवी असतो, दारूबिरू प्यालेला पण नसतो. झाडी हलली, मनात आधीच डुक्कर होतं, म्हणून डुक्करच दिसलं. तुमच्या आण्णांच्या मनात सध्या चोर बसलाय. त्यांना बॅटरीच्या उजेडात चोरच दिसणार, त्यात त्यांचा दोष नाही, वयाचा पण नाही. म्हणून आमचे बाबा सांगायचे, नजरेने ओळख पटल्याशिवाय चापावर बोट न्यायचं नाही. आवाजावर तर कधीच नाही.

पालावरचा

हा धागा वाचून लिहायचं नव्हतं पण लिहितो. वर कोणीतरी लिहिलंय रात्री दोनला फिरणारा सत्यनारायणाला आलेला नसतो म्हणून. आमचे लोक फिरतात. रात्री पण फिरतात, कारण दिवसा गावात बसू देत नाहीत, पाल टाकू देत नाहीत. इंग्रजांनी 1871 ला कायदा करून अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती त्यांच्यासाठी, आमचे पणजोबा तिथे हजेरी द्यायचे. 1952 ला कायदा गेला. नजर गेली का?

1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत बाजारात आलेले. मुलं पळवणारी टोळी म्हणून व्हॉट्सॲपवर फिरत होतं, लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. पाचही. मारणाऱ्यांना विचारा, ते म्हणतील आम्ही आमच्या पोरांचं रक्षण करत होतो. तिथे रात्र पण नव्हती, अंधार पण नव्हता, बाजाराचा दिवस होता.

त्या वाटेकऱ्याची चाल ओळखीची निघाली म्हणून तो वाचला. ज्याची चाल ओळखीची नाही त्याचं काय, एवढंच विचारायचंय. आण्णा वाईट माणूस आहेत असं म्हणत नाही मी.

ह्यूस्टनकर

20 वर्षं टेक्सासमध्ये आहे, माझ्या गल्लीत बहुतेक घरांत गन आहे, माझ्याकडे नाही. इथे कायदा तुमच्यापेक्षा पुष्कळ सैल आहे. घरात जबरदस्तीने घुसणाऱ्यावर गोळी झाडली तर कायदा आधी घरमालकाची भीती वाजवीच धरून चालतो, आणि टेक्सासच्या पीनल कोडचं कलम 9.42 तर काही अटींवर रात्रीची साधी चोरी थांबवायलाही जीवघेणी ताकद वापरू देतं. म्हणजे ढाण्या वाघाला इकडे करमेल.

पण मला कायम आठवते ती शेजारच्या लुइझियानाची केस. ऑक्टोबर 1992, बॅटन रूज. 16 वर्षांचा जपानी मुलगा, एक्सचेंजवर शिकायला आलेला, हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवली. घरमालक रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर आला, थांब म्हणून ओरडला, मुलगा हसत पुढे येत राहिला, त्याला ते कळलंच नाही बहुधा. एक गोळी, मुलगा गेला. 1993 मध्ये ज्युरीने घरमालकाला निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी सिव्हिल कोर्टात मात्र साडेसहा लाख डॉलर भरपाई द्या असा निकाल लागला. म्हणजे एका कोर्टाच्या मते गुन्हा नाही, दुसऱ्याच्या मते चूक तुझीच. तुझ्या पोस्टमधले ते इयरफोन वाचले आणि तो मुलगाच आठवला. सैल कायद्याने घरमालक तुरुंगात गेला नाही हे खरं, पण कायदा सैल असल्याने तो मुलगा चोर ठरला नाही ना.

ढाण्या_वाघ

सगळ्यांनी मिळून मलाच धरलं 😅 ठीक आहे, वाटेकऱ्याच्या बाबतीत मान्य, चुकलंच असतं. पण वकीलसाहेब, चार जण कुऱ्हाडी घेऊन खरंच आले आणि आण्णा लाईटच्या उजेडात तोंड बघत बसले तर? पलीकडच्या वस्तीवरच्या म्हातारीचा कान फाटलाय, तिला सांगा की वाजवी भीती म्हणजे काय. तिथे कोणी का नाही बोलत?

काळा_कोट_तालुका

रास्त प्रश्न, उत्तर देतो. चार जण, हत्यारं, रात्र, दार फोडून आत, घरात म्हातारं माणूस आणि पोरं: यात आण्णांनी झाडली आणि एक जण जागेवर गेला तर मी स्वतः ती केस उभा राहून लढवीन, आणि अशा केसमध्ये माझ्या हातात बरंच असेल. तिथे कोर्ट विचारत नाही की पायावर का नाही झाडली. दर्शन सिंगच्या निकालातच आहे, हल्ला प्रत्यक्ष सुरू व्हायची वाट बघायची गरज नाही, भीती वाजवी असली की पुरे. पुरावा पण आरोपीला शंभर टक्के द्यावा लागत नाही, असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दिसलं तरी चालतं.

पण हे सगळं कळतं खटल्यात, त्या रात्री नाही. त्या रात्री काय होणार ते पण सांगतो. फोन केला की पोलीस येणार, माणूस मेलाय म्हणून गुन्हा नोंदवणार, बंदूक जप्त, बहुतेक वेळा अटक पण, मग जामीन, मग तारखा, लायसन बहुधा निलंबित. बंदूक प्रयोगशाळेत जाणार, किती अंतरावरून झाडली ते निघणार. म्हणून कधी अशी वेळ आलीच तर, देव न करो, काही हलवू नका, चोराच्या हातात नंतर कोयता ठेवणं वगैरे शहाणपणा करू नका (करतात लोक! आणि तिथेच खऱ्या केसचा खोटा वास येतो), जखमी असेल तर आधी ॲम्ब्युलन्स बोलवा. पडलेल्या माणसाला पाणी पाजलं की नाही हे सुद्धा साक्षीत येतं.

दुसरं, आण्णा बिबट्याचं कारण पण देत असतील, तुमच्याकडे सगळेच देतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला सद्भावनेने वन्यप्राणी मारला तर वन्यजीव कायद्याच्या कलम 11 प्रमाणे गुन्हा नाही. पण शेळी उचलली म्हणून मागे लागून मारला तर आहे. तोच हिशोब, बघा.

शिवारातला_पोरगा

सगळ्यांचे आभार. शनिवारी घरी गेलो होतो, सगळा धागा आण्णांना वाचून दाखवला. पाठीत गोळी लागलेली केस ऐकून काही बोलले नाहीत. पालावरचा यांचं वाचलं तेव्हा उठून चूळ भरून आले, मग म्हणाले तो वाटेकरी पण परजिल्ह्यातलाच आहे की, त्याची चाल दादाला माहीत होती, मला नव्हती.

करंटचा विषय संपला, दादाने स्वतःच तार गुंडाळून ठेवली. वहिनीने वस्तीवरची ताईंचं वाचून दोन सोलर लाईट मागवायला लावल्या, आणि सुतार येतोय आडणा बसवायला. चुलत्याशी बोलून ठरलं की रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात कोण कधी दारं धरायला जाणार ते दोन्ही घरच्या ग्रुपवर टाकायचं आणि गोठ्यापाशी आलं की दोनदा बॅटरी मिचकावायची. वाटेकऱ्याला इयरफोन एकाच कानात घाल म्हणून सांगितलं तर तो म्हणतो मला काय माहीत तुम्ही बंदूक रोखली होती, कोणी सांगितलंच नाही. खरंच, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शनिवारी आण्णांनी सांगितलं. दोघं बराच वेळ ओट्यावर बसले होते, काय बोलले ते माहीत नाही.

बंदूक कपाटात गेलीय, पण काडतुसं कुठे ठेवायची यावर अजून तह झालेला नाही. आण्णा म्हणतात उशाला, आई म्हणते देवघरात, किल्ली माझ्या कमरेला. सध्या आईचं चाललंय.